रतनगंजचं वाचनालय

नलिनीबाई सुनेच्या ओटीत नारळ घालत होत्या, तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, फिकट निळं सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी. बसची धूळ पायांवर तशीच होती. भोपाळच्या पिपलानीतलं ते क्वार्टर सकाळपासून बायकांनी भरून गेलं होतं. बरखेड्यापासून इंद्रपुरीपर्यंत कारखान्यातल्या झाडून साऱ्या मराठी घरांना बोलावणं होतं. नलिनीबाईंना वाटलं, असेल कुणाची तरी सासू.

पण विमल अंगावरच्या फुलांच्या दागिन्यांसकट खुर्चीवरून उठली.

"बाई! तुम्ही कशा आलात? एकट्याच?"

"बस गं, बस. ओटी भरताना उठतात का?" त्या बाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "विदिशेपर्यंत एक बस, पुढं दुसरी. तुझं डोहाळजेवण, आणि मी रतनगंजला बसून राहू?"

तेव्हा नलिनीबाईंना कळलं, या शशिकलाबाई. लग्नात यांना ताप होता म्हणून त्या आल्या नव्हत्या, पण नाव गेली तीन वर्षं कानावर होतं. विमल पाच वर्षांची असताना तिची आई गेली. वडिलांचं घर पुरुषमाणसांचं. मग ही पोर दिवसभर गावातल्या मराठी वाचनालयात बसायची. वाचनालय सांभाळणाऱ्या शशिकलाबाई मागच्याच खोलीत राहायच्या. वेणीफणी त्यांनी केली, अक्षरओळखही त्यांनीच करून दिली.

आणि ते वाचनालय तर नलिनीबाईंना न बघताही पाठ होतं. त्यांचे यजमान अच्युतराव बिवलकर कारखान्याच्या फोटो विभागात होते. आठवडाभर यंत्रांचे फोटो काढायचे आणि रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून स्कूटरवरून निघायचे. आष्टा, बेरसिया, रायसेन, सिरोंज. कुठं जुनी सराई, कुठं संस्थानी काळातली शाळा, कुठं बंद पडलेला जकात नाका. मुलांना गोवर आला तेव्हा ते कुठल्या तरी धर्मशाळेच्या कमानी टिपत होते. लेकीला, मंगलाला, बघायला इंदूरची मंडळी आली त्या रविवारीही ते धुळीनं माखून संध्याकाळी परतले होते. अशाच एका रविवारी त्यांनी रतनगंजच्या वाचनालयाचा फोटो काढला. ज्यांच्या आजोबांनी त्या इमारतीला जागा दिली होती, ते सदाशिवराव मोघे त्यांना चहाला घरी घेऊन गेले. चहा घेऊन विमल बाहेर आली. वर्षाच्या आत ती दत्तूची बायको होऊन या क्वार्टरात आली.

"एवढे रविवार मातीत घातले, त्यातला हा एक कामी आला," असं नलिनीबाई चारचौघांत म्हणायच्या. लोक हसायचे. त्या स्वतः फारशा हसत नसत.

ओटी झाली. दोन वाट्या पालथ्या घालून विमलपुढं ठेवल्या होत्या. तिनं उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली, तसा बायकांनी 'मुलगी, मुलगी' म्हणून गलका केला. त्या गलक्यात शशिकलाबाई नलिनीबाईंच्या कानाशी आल्या.

"वहिनी, भाऊसाहेबांशी जरा बोलायचं होतं. दोनच मिनिटं."

नलिनीबाईंनी सहज व्हरांड्याकडं पाहिलं. पुरुषमंडळींत व्याही बसले होते. त्यांची नजर शशिकलाबाईंवर खिळली होती, आणि हातातलं सरबत तसंच राहिलं होतं.

*

मागच्या अंगणात आचारी बासुंदी घोटत होता. अच्युतराव पेरूच्या झाडाखाली सावलीला उभे होते. एप्रिल होता, पण दुपारच्या झळा मे महिन्यासारख्या लागत होत्या.

"भाऊसाहेब, आमच्या वाचनालयाच्या दाराचा फोटो तुम्ही काढला होतात," शशिकलाबाई म्हणाल्या.

"हो तर! काय दार आहे ते. सकाळचं ऊन बाजूनं पडलं होतं. तसं ऊन पुन्हा मिळालं नाही."

"दारावरची पाटी त्यात वाचता येते का?"

अच्युतरावांना ती अक्षरं डोळ्यांपुढं दिसली. लाल दगडात खोल कोरलेली, कडेच्या उन्हानं एकेक उठून आलेली. 'सार्वजनिक मराठी वाचनालय. समस्त ग्रामस्थांचे.'

"अगदी स्पष्ट येते. का?"

"पाटी आता नाही. होळीनंतर मी उज्जैनला भाच्याकडे गेले होते. परत येऊन बघते तर दारावर नुसतं सिमेंट."

"कुणी काढली?"

शशिकलाबाईंनी व्हरांड्याच्या दिशेनं पाहिलं आणि मान खाली घातली. "आजच्या दिवशी नाव घ्यायला नको. जागा विकायची ठरली आहे. तिथं दुकानं व्हायची आहेत. 'वाचनालय आमच्या घरचं, खासगी,' असं त्यांनी तहसिलीत लिहून दिलंय. मंगळवारी तारीख आहे. मी म्हणते, ते साऱ्या गावाचं आहे. पण सांगायला माझ्याजवळ काय? पुरावा एकच होता, दगडाचा."

अच्युतरावांची नजरही व्हरांड्याकडं गेली.

"मला डोक्यावर छप्पर हवंय म्हणून आले, असं समजू नका. म्हणजे तेही हवंच. पण ती पुस्तकं घेऊन मी जाऊ कुठं? तुम्ही फोटो दिलात तर निदान दार तरी बोलेल."

"शोधावा लागेल," अच्युतराव म्हणाले. "फार जुना आहे. आधी जेवून घ्या तुम्ही."

शोधायचं काहीच नव्हतं. न्हाणीघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत ते फोटो धुवायचे. तिथल्या फळीवर पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह गावांच्या नावानं लावलेल्या होत्या. डोळे मिटूनही त्यांचा हात रतनगंजवर पडला असता.

शशिकलाबाई आत गेल्या आणि दारातून सदाशिवराव बाहेर आले. तलम धोतर, पांढरा शर्ट, कपाळावर गंध. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"फोटो मागितला ना त्यांनी?"

"मागितला."

"तुम्ही देणार?"

"सदाशिवराव, पाटी तुम्ही काढलीत?"

"मीच काढली. खोटं कशाला बोलू? अच्युतराव, तुम्ही ती इमारत एका सकाळी बघितलीत. मी जन्मभर बघतोय. माझ्या लहानपणी तिथं संध्याकाळी बसायला जागा मिळायची नाही. कचेरीतले, शाळेतले, सगळे मराठी. मग कुणी ग्वाल्हेरला गेले, कुणी इंदूरला, कुणी इथं तुमच्या कारखान्यात. आता वाचायला येतं कोण? एक शशिकलाबाई आणि दुसरी वाळवी. छत गळतं, ते मी शाकारायचं. भिंत खचते, ती मी बांधायची. समस्त ग्रामस्थ त्या वेळी कुठं असतात?"

"तरीपण पाटीवर..."

"पाटीवर आजोबांनी लिहिलं. आजोबांना तीन गावांचं उत्पन्न होतं. मला नाही. माझा रमेश घरात रिकामा बसलाय, त्याला दुकान घालून द्यायचं आहे." त्यांचा आवाज खाली आला. "मी तुम्हाला धमकी देत नाही. व्याही आहात. पण त्या फोटोवर उद्या माझ्यावर खोटेपणाचा खटला होईल. विमलला सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होणार. ज्या माहेरी तिच्या सासऱ्यानं पोलीस धाडले, तिथं ती कशी येईल, एवढं सांगा."

आचाऱ्यानं बासुंदी झाली म्हणून सांगितलं. अच्युतरावांनी ती चाखून पाहिली आणि गोड बरोबर आहे म्हणाले. तिची चव त्यांना लागलीच नव्हती.

*

विमलला पंगतीत मधोमध पाटावर बसवलं होतं. बाईंना तिनं आपल्या शेजारी बसवून घेतलं. बाई कशासाठी आल्या ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, पण तिच्या भावाच्या पत्रावरून तिला दुकानांचं कळलं होतं, आणि पाटी गेल्याचं बाईंनी आत्ताच, भाताला हात लावता लावता, सांगितलं होतं.

समोरच्या ओळीतून तिच्या वडिलांचा मोठा आवाज आला.

"काय व्याहीबुवा, बाईंना आपला कसला फोटो हवाय म्हणे. सापडला का?"

सारी पंगत गप्प झाली असं नाही. पण घरची माणसं झाली. दत्तूच्या हातातलं तुपाचं भांडं थांबलं. अच्युतराव ताटाकडं बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात त्या खोलीत ओल आली होती. बऱ्याच निगेटिव्हना बुरशी लागली. रतनगंजचीही गेली."

"अरेरे," सदाशिवराव म्हणाले. "घ्या, बासुंदी घ्या."

विमलनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते वर बघेनात. दिवाळीच्या सुट्टीत तिनंच त्या निगेटिव्ह मऊ फडक्यानं पुसून नव्या पाकिटांत घातल्या होत्या. रतनगंजची दिव्यासमोर धरून ती म्हणाली होती, "बाबा, ही बघा माझी शाळा." तेव्हा ते किती हसले होते. आज हा माणूस खोटं बोलला, आणि तिच्यासाठी बोलला, हे तिला एकदमच कळलं. राग यावा की रडू, ते मात्र कळेना.

"जाऊ दे गं," बाई हळूच म्हणाल्या. "भात निवतोय. जेव."

निघताना विमल त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. दोन्ही बाजूंनी सारखीच पिवळी क्वार्टरं, पुढं मेंदीचं कुंपण. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"बाई, ती निगेटिव्ह आहे," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुम्ही इथंच थांबा, मी आत्ता आणून देते."

शशिकलाबाईंनी तिचा हात धरला.

"नको."

"नको काय? घर जाईल तुमचं. पुस्तकं जातील."

"तू चोरून आणलीस तर एकीकडं बाप आणि एकीकडं सासरा, आणि मधे तू, पोटुशी. तुझ्या संसाराच्या बदल्यात मला वाचनालय नकोय." त्यांनी तिच्या केसांतली सुटलेली वेणी नीट खोचली. "आणि ते देतील. मी त्यांना फोटो काढताना पाहिलंय ना. उन्हासाठी तासभर पायरीवर बसून होते. लोकांसमोर त्यांना बोलता आलं नाही, एवढंच. सभ्य माणूस आहे. मंगळवारपर्यंत येतील बघ."

*

संध्याकाळी बोळवण आटोपली आणि घरची माणसं उरली. कूलरला लावलेल्या खसचा, वाळ्याचा वास सुटला होता. नलिनीबाईंनी स्वतः चहा करून नवऱ्याच्या हातात दिला.

"आज पहिल्यांदा तुम्ही आधी घराचा विचार केलात," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात हे कौतुक ऐकायला अच्युतराव आसुसलेले होते. आज ते मिळालं, आणि त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

"म्हणजे निगेटिव्ह आहे?" मंगलानं विचारलं. ती इंद्रपुरीला दिली होती, नेहमी भावाची बाजू घ्यायची आणि विमलशी तिचं फारसं पटत नसे. "बाबा, तुम्ही त्या म्हाताऱ्या बाईला पंगतीत बसवून खोटं सांगितलंत?"

"मंगला, तुला यातलं काय कळतं?" दत्तू म्हणाला. "सासऱ्यांवर केस झाली तर तोंड कुणाला दाखवायचं? बाबांनी बरोबर केलं."

"वहिनीला विचारलंस?"

सगळ्यांनी विमलकडं पाहिलं. तिनं फुलांच्या बांगड्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या.

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "दादांनी बाबांना सांगितलं असेल, विमलचं माहेर तुटेल. बाबांनी ते मानलं. माझं माहेर कुठलं, ते मला विचारायचं ना. दादांच्या घरात मी झोपायला जायची. बाकी सगळी मी त्या वाचनालयात होते."

"अगं, पण ते वडील आहेत तुझे," नलिनीबाई म्हणाल्या.

"आहेतच. म्हणून तर मी स्वतः काही करणार नाही, आई. बाबांनी करावं." ती सासऱ्यांकडं वळली. "मंगळवारी तारीख आहे, बाबा."

"बाळंतपण होऊ दे," अच्युतराव म्हणाले. "मग बघू. अपील वगैरे असतंच."

विमल उठून आत गेली. तिच्यामागोमाग मंगलाही गेली, आणि नणंद-भावजयीचं बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललेलं नलिनीबाईंनी ऐकलं. एरवी त्यांना बरं वाटलं असतं.

सोमवारी कारखान्यातून आल्यावर अच्युतराव कुणाला काही न सांगता अडगळीच्या खोलीत शिरले. लाल दिव्याच्या उजेडात त्यांनी कागद औषधात सोडला. आधी दाराची चौकट उमटली, मग पायऱ्या, मग अक्षरं. 'समस्त ग्रामस्थांचे' मधल्या अनुस्वाराचं टिंबसुद्धा स्वच्छ आलं. फोटो त्यांनी वाळवला, पुठ्ठ्यात घालून पिशवीत ठेवला.

मंगळवारी सकाळी ती पिशवी स्कूटरला अडकवून ते निघाले. विमल व्हरांड्यात उभी होती. पिशवी तिनं पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा त्यांनी आरशात वळणापर्यंत पाहिला.

चौकातून डावीकडं कारखान्याचं फाटक होतं आणि सरळ विदिशेचा रस्ता. सायकलींचा लोंढा डावीकडं वळत होता. अच्युतराव कडेला थांबले. पंगतीत बोललेलं खोटं आता उघडं पडणार, सदाशिवराव समोर असणार, दत्तू महिनोन् महिने बोलणार नाही, आणि पोरीला काही झालं तर नलिनी जन्मभर ऐकवील. हे सगळं खरं होतं. आणि आणखी एक खरं होतं, की त्यांना भांडण जमत नसे. आयुष्यभर ते माणसं नसलेल्या इमारतींपुढं उभे राहत आले होते. भोंगा झाला. त्यांनी स्कूटर डावीकडं वळवली.

संध्याकाळी ते परतले तेव्हा विमलनं दार उघडलं. त्यांच्या हातात पिशवी तशीच होती, फोटोचा पुठ्ठा आतच. तिनं पाणी आणून दिलं.

*

निकाल मोघ्यांच्या बाजूनं लागला. पाऊस यायच्या आत इमारत पाडली. सदाशिवराव लेकीला न्यायला आले तेव्हा विमलनं त्यांना नीट जेवायला वाढलं, पाया पडली, आणि म्हणाली, "दादा, बाळंतपण इथंच करू. इथला दवाखाना जवळ आहे." पुष्कळ समजावलं सगळ्यांनी. ती चिडली नाही, रडली नाही आणि गेलीही नाही. सदाशिवराव जाताना फाटकापाशी थांबून व्याह्यांना म्हणाले, "आपण दोघांनी तिच्यासाठी एवढं केलं, तरी पोर रुसलीच." अच्युतरावांना त्यांच्या त्या 'दोघांनी'चा चटका बसला.

जूनमध्ये मुलगी झाली. घर बारशात, दुपट्यांत, अंगाईत बुडून गेलं. कॅमेरा कपाटातच राहिला.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी अच्युतराव रतनगंजला गेले. वाचनालयाच्या जागी विटांचे गिलावा न केलेले गाळे उभे होते. एकाला शटर लागलं होतं. विचारत विचारत ते पीठचक्कीच्या मागं पोचले. शशिकलाबाई दारातच भेटल्या.

"या, भाऊसाहेब. विमल कशी आहे? मुलगी कुणावर गेलीय?"

"विमलवर," ते म्हणाले. आत त्यांनी स्टुलावर बसून पुठ्ठा उघडला आणि फोटो बाईंच्या हातात दिला. "बाई, हा... म्हणजे निगेटिव्ह खराब झाली नव्हती. मी त्या दिवशी..."

"माहीत आहे मला. विमलनं फाटकापाशीच सांगितलं होतं. आणून देते म्हणत होती. मीच नको म्हटलं."

अच्युतरावांनी रिकामा पुठ्ठा मिटून मांडीवर ठेवला.

"मी म्हटलं, ते स्वतः देतील. मंगळवारी मी तहसिलीबाहेर बाकावर बसले होते. आमचं नाव पुकारलं तेव्हा मी साहेबांना हात जोडून म्हटलं, थोडं थांबा, भोपाळहून एक गृहस्थ यायचे आहेत. साहेब भला माणूस, शेवटाला ठेवलं त्यांनी आमचं. बस आली की मी उठून बघायची. संध्याकाळी शिपाई म्हणाला, माताजी, अब कोई नहीं आएगा, घर जाइए."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर अच्युतरावांना सोपं गेलं असतं. चक्की चालू झाली, भिंत थरथरू लागली. शशिकलाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, पाटीवरून एकदा अंगठा फिरवला आणि तो परत त्यांच्या हातात ठेवला.

"सुरेख आलाय. पण घेऊन जा. मला रोज बघवणार नाही."

घरी पोचायला दिवेलागण झाली. विमल व्हरांड्यात मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. आज ते कुठं गेले होते, हे तिला न सांगताच कळलेलं दिसलं.

"भेटल्या बाई?"

"भेटल्या."

"कुठं राहतात आता?"

"चक्कीच्या मागं. एक खोली आहे."

"पुस्तकं?"

अच्युतरावांनी मान हलवली. त्यांनी विचारलं नव्हतं.

"खोलीला खिडकी आहे का? एका डोळ्यानं फार कमी दिसतं त्यांना. वाचायला उजेड लागतो."

अच्युतराव आठवू लागले. स्टूल होतं. खाटेवर घडी केलेली चादर होती. कोपऱ्यात स्टोव्ह होता. कुठल्याही इमारतीपुढं उभं राहिलं की उजेड कुठून येतो, हेच ते आजवर सगळ्यात आधी बघत आले होते. आज दारातून आत शिरल्यापासून ते स्वतःच्या पायांकडं बघत बसले होते.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

विमलनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पुढच्या रविवारी मीच जाऊन बघते," ती म्हणाली.

'मी नेतो तुला,' हे शब्द अच्युतरावांच्या ओठांपर्यंत आले. पण तोवर विमल उठून आत दत्तूला रविवारचं विचारत होती.